माझ्यात कुटलेल्या पांढऱ्या गोळ्या

मित्रांनो, केशोरीच्या उमराव वैद्यांकडे चाळीस वर्षे औषधी कुटणारा जुना काळा खल, तो मीच. पाथरवटाने मला अखंड दगडातून कोरले, तेव्हा उमराव तरुण होते. सायकलला बांधून त्यांनी मला घरी आणले.

त्यांची एक रीत होती. समोरच्या माणसाची प्रकृती कळल्याशिवाय ते बत्त्याला हात लावत नसत. वात, पित्त आणि कफ प्रत्येकाच्या अंगात असतात, पण कोणात काय जास्त ते वेगळे, असे ते सांगत. लुकड्या, कोरड्या अंगाच्या, झोप न येणाऱ्या माणसाला ते तेल-तूप खायला लावत. जड, सुस्त माणसाला तेच बंद करायला सांगत. जे आपल्याला उमगत नाही, त्यासाठी सरळ दवाखान्यात पाठवत.

धानाच्या रोवणीच्या चिखलात वाकून वाकून सुशिलाबाईंचे गुडघे धरले, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. उमरावांनी भूक, झोप, तहान, सगळे विचारले.

"दुखते गुडघा, अन् भुकेचं कायले पुसून राहिले?" बाई म्हणाल्या.

"गुडघा तुझ्याच आंगाचा हाय ना. आधी आंग तं समजू दे." मग म्हणाले, "तुझी प्रकृती पित्ताची. पोटात पहिलेच जळते. गरम औषध तुले चालत नाही. हळू बरं वाटंल, पण पोट सांभाळू."

माझ्यात गुळवेल आणि शतावरी कुटली गेली. तीन महिन्यांनी बाई बांधावरून चालू लागल्या. दुखणे पुरते गेले नव्हते, पण त्या समाधानी होत्या.

तीन वर्षांपूर्वी उमराव वारले. त्यांचा मुलगा नंदलाल याने गोंदियाजवळ कुडव्याला औषधांचे दुकान काढले. पाटीवर वडिलांचे नाव लिहिले आणि मला समोरच्या टेबलावर मांडले. मला अभिमान वाटला. तो आठ दिवसही टिकला नाही. दुकान बंद झाल्यावर नंदलाल मला मागच्या खोलीत नेई. दुखणे आणि सूज दाबणाऱ्या इंग्रजी औषधाच्या पांढऱ्या गोळ्या माझ्यात कुटून सुंठीच्या चूर्णात मिसळी. सगळ्यांना तीच पुडी. कोणाला भूक विचारली नाही, कोणाला झोप विचारली नाही.

एक दिवस केशोरीहून सुशिलाबाई आल्या. गुडघे पुन्हा धरले होते. त्यांनी मला ओळखले, हात लावून नमस्कार केला. "हा तं वैद्यबुवाचा खल होय," त्या म्हणाल्या आणि निर्धास्त पुडी घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी त्या जिना चढल्या. गावभर नंदलालचे कौतुक झाले. पुडीत काय आहे ते मला ठाऊक होते, पण दगडाला तोंड कुठे असते?

बाई रोज पुडी घेत राहिल्या आणि सात-आठ महिन्यांत त्यांचा चेहरा सुजला. मग रक्ताची उलटी झाली. गोंदियाच्या दवाखान्यात त्या पाच दिवस होत्या. सहाव्या दिवशी गेल्या.

तेरवी झाल्यावर त्यांची मुलगी दामिनी दुकानात आली. गिऱ्हाईक बसले होते. तिने पुडी टेबलावर ठेवली.

"डॉक्टरांनं पुडी तपासाले पाठवली होती. यात गोळ्या काऊन निघाल्या?"

नंदलाल आधी हसला. "आयुर्वेदिक हाय. याचा साइड इफेक्ट राहत नाही."

तिने तपासणीचा कागद उघडून सगळ्यांना दाखवला. लोक उठून उभे राहिले. नंदलालने कागद बाजूला सारला. मग तो हळूच म्हणाला, "मी काही नवीन नाही केलं. बाबाही हेच टाकत होते. त्यांच्यापासूनच शिकलो."

दामिनीने कागदाची घडी घातली. "मंग मायनं आयुष्यभर चोरालेच हात जोडले," ती म्हणाली आणि निघून गेली.

ते खोटे होते, मित्रांनो. चाळीस वर्षांत उमरावांनी एकही गोळी माझ्यात टाकली नाही. हे मला माहीत आहे आणि नंदलालला माहीत आहे. पण आता केशोरीत उमरावांचे नाव निघाले की लोक थुंकतात.

दुकानाला सील लागले. मी मागच्या अंगणात पडून आहे. पुडी घेताना तिच्यात काय आहे ते विचारा, मित्रांनो, देणारा कितीही ओळखीचा असो. आणि मला उचलून घरी नेऊ नका. पावसाने मला कितीदा तरी धुतले, पण मी स्वच्छ झालो असे मला वाटत नाही.