अपडेटमध्ये उडालेला थांबा

घशाच्या ऑपरेशनमध्ये आमच्या आईचा आवाज गेला, पण बोलणं तसूभरही कमी झालं नाही. बाबांनी तिच्या कॉम्प्युटरवरच्या चॅटला छोट्या छोट्या स्क्रिप्ट जोडून दिल्या. एक कळ दाबली की अख्खं वाक्य समोरच्याला पोचतं. 'ज' दाबला की "जेवण झालं का?", 'उ' दाबला की "उगाच खर्च कशाला?" आणि डोकं फिरलं की 'न', म्हणजे "नको येऊस आता." जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस, केवळ बायकोसाठी म्हातारपणी हे शिकला. मला त्याचं फार कौतुक आहे, पण तोंडावर कोण सांगणार!

मी ऑफिसात दिवसभर लोकांची सॉफ्टवेअर अपडेट करते आणि घरी मात्र ते जुनाट चॅट. शेवटी चॅटच्या कंपनीनेच कळवलं, जुनं व्हर्जन बंद होणार.

"बाबा, आता तरी मला करू द्या. नाहीतर आई खरंच मुकी होईल."

"कर बाई. पण माझ्या स्क्रिप्टला जपून हात लाव."

कसलं जपून? नुसता पसारा होता. प्रत्येक वाक्य पाठवण्याआधी थांबा घातलेला, चांगला घोटभर पाणी पिऊन होईल एवढा. हे कशाला, विचारलं तर बाबा चष्मा पुसत म्हणाले, "असू दे. मशीन हळू चालतं."

मशीन मीच आणलेलं, नवंकोरं. म्हटलं, चूक झाकतायत. स्क्रिप्ट नव्या व्हर्जनला जुळवल्या आणि सगळे थांबे काढून टाकले, वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

रविवारी धाकटा भाऊ यायचा होता. नोकरी लागल्यापासून पठ्ठ्या घराकडे फिरकला नव्हता. आई सकाळपासून स्वयंपाकघरात आणि दारात अशा फेऱ्या घालत होती. दुपारी त्याचा मेसेज आला, "निघायला उशीर झाला, संध्याकाळ होईल." आईच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिने 'न' दाबला आणि लगेच तिचा हात सवयीने खोडायच्या कळेकडे गेला. पण मेसेज कधीच पोचला होता.

"बरं. नाही येत," धाकट्याचं उत्तर आलं.

आई पडद्याकडे बघत बसली. मग उठून गॅस बंद केला आणि आतल्या खोलीत गेली.

बाबांनी मला बाल्कनीत ओढलं. "थांबा कुठे गेला?"

"काढला. उगीच वेळ जायचा."

"अगं शहाणे, वेळ जावा म्हणूनच घातला होता. तिचा राग घोटभर पाण्याएवढा. तेवढं थांबलं की ती आपणच खोडते. पण राग आवर, असं तिला तोंडावर कसं सांगू? म्हणून म्हटलं, मशीन हळू आहे."

 मला स्वतःचाच राग आला. आईच्या कॉम्प्युटरपाशी बसले आणि एकेका वाक्याआधी थांबा परत घातला. मग धाकट्याला फोन लावला.

"अरे दीडशहाण्या, आई ते खोडणार होती. मी स्क्रिप्ट बिघडवली म्हणून गेलं. माझ्यावर रुसायचं तर इथे येऊन रूस."

 तो म्हणाला, "ताई, बॅग भरलेलीच आहे."

अंधार पडायच्या आत तो दारात उभा होता. आईने आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग तिथेच हात ठेवून उभी राहिली. त्याला वाढून ती कॉम्प्युटरपाशी गेली, एक कळ दाबून खोडून पाहिली. माझा फोन वाजला. या मेसेजला स्क्रिप्ट नव्हती, अक्षर अन् अक्षर तिने स्वतः टाइप केलं होतं.

"थांबा परत घातलास, बरं केलंस. यांना सांगू नकोस, पण मशीन हळू नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

मी बाबांकडे पाहिलं. ते धाकट्याच्या शेजारी बसून त्याला समजावत होते, "आईचं उत्तर यायला वेळ लागला तर काळजी करू नकोस रे. मशीनच जरा हळू आहे."