पोर्तुगीज डोळे

वसईकडे बोळिंजजवळच्या वाडीत बॅप्टिस्टच्या नातीला बघायला माणसं मुद्दाम यायची, ती तिच्या निळ्या डोळ्यांसाठी. "पोर्तुगीज गेले, पण डोळे आमच्याकडे ठेवून गेले," असं म्हणत बॅप्टिस्ट तिला मिरवायचा. कपाळावरची पांढरी बट कुणी दाखवली, तर तीही तिकडचीच. एवढ्या कौतुकात सालोमी दोन वर्षांची होऊनही बोलत नाही, याकडे कोण बघतंय?

बघत होती तिची आई, मटिल्डा. शेवटी नवऱ्याला, क्लेमेंटला, घेऊन ती मुंबईच्या इस्पितळात गेली. डॉक्टरांनी डोळे पाहिले, बट पाहिली, दोन डोळ्यांमधलं अंतर मोजलं आणि पोरीच्या मागे जाऊन जोरात टाळी वाजवली. मटिल्डा दचकली. सालोमी आपली खिडकीकडेच बघत राहिली.

"पोर्तुगीजांचा काही संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "असे डोळे, अशी बट आणि बहिरेपण एकत्र येतं. रक्तातून येतं, कुणात थोडं, कुणात जास्त. घरात आणखी कुणाची बट लहानपणापासून पांढरी होती?"

दोघंही नाही म्हणाली. मटिल्डाला आधी माहेर आठवलं. तिच्या धाकट्या बहिणीचं, लिडियाचं, लग्न नुकतंच ठरलं होतं. दोष माहेरच्या रक्तावर गेला, तर ती सोयरीक मोडलीच म्हणून समजा.

आणि दोष माहेरावरच आला. घरी आल्यावर सगळं ऐकून सासू मार्था म्हणाली, "आमच्यात असं कोणी नाय. तुझ्या घरचं असेल." शेजारच्या दोघी ओट्यावर बसलेल्याच होत्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर.

मटिल्डाला रडूही येईना. बॅप्टिस्ट नातीच्या केसांवरून हात फिरवत होता.

"मार्था, माझ्या केसांना काजळ कोण लावायचं, ते सांग सुनेला."

मार्था पदर सावरत चुलीकडे वळली.

"मग मीच सांगतो. माझी बट जन्माची पांढरी. आधी आई काळी करायची, लग्नानंतर तू. पोरं उठायच्या आधी. आता सगळं डोकंच पांढरं, म्हणून दिसत नाय. हे माझ्याकडून आलंय. लिडियाच्या सासरी उद्या मी स्वतः जाऊन सांगतो."

एवढा मिजासखोर म्हातारा, पण मटिल्डाला त्या क्षणी तो बापासारखा वाटला. तिला रडू फुटलं.

बॅप्टिस्टने सालोमीला वळवून आपल्यासमोर बसवलं आणि ओठ सावकाश हलवत तिला तिचं नाव सांगितलं.