अर्धं मोकळं तळं

गवत पहिल्यांदा आलं तेव्हा पोरींनी ते केसांत माळलं होतं. पाण्यावर तरंगणारी लवदार हिरवी पानं, खाली लोंबणारी मुळं. सेपिक नदीच्या पुराबरोबर आलं आणि आमच्या तळ्याच्या एका कोपऱ्यात राहिलं. मी सातवीला गणित शिकवते. पुस्तकातले घातांक कुणाच्या डोक्यात शिरेनात, म्हणून मी मुलांना दर आठवड्याला ते गवत मोजायला लावलं. दर आठवड्याला ते दुप्पट होत होतं. फळ्यावर आलेख काढला की रेघ बराच वेळ तळाशी सरपटायची आणि मग एकदम उभी चढायची. मुलांना त्या चढाची मजा वाटे. मला हल्ली तिकडे बघवत नव्हतं.

कारण थोरले मामा वारले आणि तळ्याला तांबू, म्हणजे सुतकाची बंदी, लागला. मोठा माणूस गेला की त्याचं पाणी बंद होतं. मरणाची जेवणावळ होईपर्यंत होडी घालायची नाही, जाळं टाकायचं नाही. दवाखाना तळ्यापलीकडे, आणि बाकी तिन्ही अंगांना मगरींची दलदल. माझी धाकटी बहीण लुसिला हिचे दिवस भरत आले होते. मागच्या बाळंतपणात तिचं रक्त थांबेना. दवाखान्यात होती म्हणून वाचली.

तांबू राखायचं काम काम्बोमामांचं, थोरल्या मामांच्या पाठच्या भावाचं. मी त्यांच्याकडे गेले.

"मामा, लुसिलाला आत्ताच पलीकडे पोचवू या."

"जेवणावळ दहा दिवसांवर आलीय. ती झाली की मी स्वतः वल्हवत नेतो तिला."

"तोवर होडी घालायला मोकळं पाणी उरणार नाही."

मामा हसले. "अगं, अर्धं तळं मोकळं आहे. एवढं पसरायला त्या गवताला पूर ओसरल्यापासून आजपर्यंतचे महिने लागले. उरलेल्याला तेवढेच लागतील. तू मास्तरीण ना?"

"मास्तरीण आहे म्हणूनच घाबरलेय."

मामांचं हसू गेलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "भाऊ अजून पाण्यात आहे. आत्ता कुणी वल्हं मारलं तर त्याची वाट चुकते. मग तो घरातलंच कुणीतरी सोबतीला नेतो. बहुतेक लहानगंच."

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि गणित शिकले म्हणून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. लुसिलाला नेलं तरी भीती, ठेवलं तरी भीती.

दुसऱ्या दिवशी मी मामांना वर्गावर बोलावलं. झाडाखाली मोठी चटई अंथरली आणि कोपऱ्यात एक पान ठेवलं. एक टाळी म्हणजे एक आठवडा; टाळी वाजली की आहेत तेवढी पानं आणखी आणून ठेवायची, एवढाच खेळ. सुरुवातीला मुलं कंटाळली. मग त्यांची धावपळ सुरू झाली. अर्धी चटई झाकली तेव्हा मी थांबले.

"आता किती टाळ्या उरल्या?"

"चिक्कार!" पीटर ओरडला.

"एक," अगाथा म्हणाली. ही पोर एरवी वर्गात तोंड उघडत नाही.

मी टाळी वाजवली. बघता बघता चटई दिसेनाशी झाली. कुणीतरी हसलं आणि एकटंच हसल्यामुळे गप्प झालं. मामांनी चटईकडे पाहिलं, मग तळ्याकडे. तिथेही बरोबर अर्धं झाकलेलं होतं. त्यांनी तंबाखूची पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

मला रात्रभर झोप लागली नाही. उजाडल्यावर लुसिलाला हाताला धरून मी काठावर आणलं. ठरवलं होतं, मामांनी अडवलं तर त्यांच्या पाया पडायचं, तरीही नाही ऐकलं तर ढकलून जायचं. होडी पाण्याच्या कडेला ओढून ठेवलेली होती. शेजारी मामा बसले होते, तळ्याकडे पाठ करून.

"मी गावावर नजर ठेवतोय," ते म्हणाले. "पाण्यावर कोण जातंय, ते मला इथून दिसत नाही." त्यांनी मान वळवली नाही. "भावाशी बोलत बसलोय. म्हटलं, लहानग्याला हात लावू नकोस. न्यायचंच तर मला ने."

मी होडी ढकलली. गवत वल्ह्याला असं धरायचं की प्रत्येक वेळी वाटे, खालून कुणी ओढतंय. मी थोरल्या मामांची मनातल्या मनात माफी मागत होते. होडीने पाडलेली फट मागे लगेच मिटत होती. मोकळ्या पाण्यात पोचलो तेव्हा मी मागे पाहिलं. आम्ही आलो ती वाट कुठेच नव्हती. मामांची पाठ तशीच होती. त्यांच्या बाजूला माझ्या वर्गातली मुलं जमून हात हलवत होती. अगाथा हात हलवत नव्हती. ती पाण्याकडे बघत उभी होती.

"ताई," लुसिला म्हणाली, "आपण परत कसं यायचं गं?"

मी वल्हवत राहिले. मी फक्त आम्हा दोघींच्या जाण्याचं गणित केलं होतं.