नव्या मुलीचा अबोला

गप्पी बेकरीत शिरली तेव्हा आई भट्टीतून पावांचे ट्रे काढत होती. पोरीने पिशवी कोपऱ्यात टाकली आणि मुकाट्याने पिठाच्या पोत्यावर बसली. तिला गप्पी म्हणत ते काही उगाच नव्हे. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की दिवसभर बस चालवून दमलेले बाबा हात जोडायचे, "बाई गं, जरा ब्रेक मार!" तीच पोर हल्ली विचारल्याशिवाय शब्द काढत नव्हती.

"आज तरी कुणी बोललं का गं?" आईने विचारलं.

गप्पीने नुसती मान हलवली. नाही.

वस्तीच्या सभागृहात मुलींचा व्हॉलीबॉल क्लब होता, आणि त्या क्लबात एक रीत होती. नवी मुलगी आली की तिच्याशी कुणी बोलायचं नाही, दुसरी नवी येईपर्यंत. याला त्या 'अबोला' म्हणत आणि फिदीफिदी हसत. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. मग तक्रार तरी कशाची करायची? पण चेंडू येताना आपण "माझा!" म्हणून ओरडावं आणि शेजारणीने खांबाला वळसा घालावा तसं आपल्याला टाळून जावं, हे कुणी रोज सोसून बघावं! खेळ संपला की सगळ्या घोळक्याने निघत. गप्पी बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसे. मागे राहायला काही निमित्त तर हवं.

आई एकदा शिकवणाऱ्या ताईंना जाऊन भेटली होती.

"अहो, मीसुद्धा इथलाच अबोला सोसलाय," ताई हसून म्हणाल्या. "पोरी त्यातून घट्ट होतात."

"घट्ट व्हायला त्या काय कणीक आहेत?" आई ताडकन म्हणाली. "कणीक मी रोज मळते. पोरीतला आणि पिठातला फरक कळतो मला."

ताईंचं हसू मावळलं. रीत मात्र तशीच राहिली.

"खड्ड्यात गेला तो क्लब, सोड," असं आई म्हणाली, तर गप्पीच ऐकेना. तिला खेळायचं होतं. ती रोज दाराकडे डोळे लावून बसे. आपल्या जागी दुसरी कुणी यावी म्हणून मनातल्या मनात देवाला विनवी, आणि मग तिची तिलाच लाज वाटे.

शेवटी ती दुसरी आली. किडकिडीत, गुडघ्यांवर ढगळ पट्टे, चेहऱ्यावर सगळ्यांसाठी हसू. कॅप्टनने धावत येऊन गप्पीच्या गळ्यात हात टाकला.

"सुटलीस बाई एकदाची! आता तू आमची. हिच्याशी बोलायचं नाही, कळलं ना?"

गप्पीला स्वर्ग दोन बोटं उरला. कुणी तिची वेणी ओढली, कुणी टाळी मागितली. किती दिवसांनी कुणीतरी तिला नावाने हाक मारत होतं!

"पाणी कुठे मिळेल?" नव्या मुलीने विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. तिने हसून पुन्हा विचारलं. मग तिचं हसू ओसरलं. ती बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि खाली वाकून नाड्या सोडू लागली. गप्पीला पुढचं बघवेना.

"त्या नाड्या राहू दे," ती मोठ्याने म्हणाली. "चल, नळ मागच्या बाजूला आहे."

कॅप्टनचा हात गळ्यावरून निघाला.

"मग राहा दोघी तशाच."

ताईंनी शिट्टी ओठांपर्यंत नेली होती. ती वाजली नाही. गप्पी रडवेली झाली, पण मागे वळली नाही. खेळ संपल्यावर घोळका पुढे निघून गेला आणि त्या दोघी मागून चालत आल्या.

बेकरीत आईने रोजचाच प्रश्न विचारला, "आज तरी कुणी बोललं का गं?"

"नाही," गप्पी म्हणाली. "आज मी बोलले."

मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता पट्टा जो सुटला तो थांबेचना. आईने सगळं ऐकून घेतलं. मग हाताचं पीठ झटकलं आणि कमरेचा एप्रन सोडला.

"त्या नव्या पोरीचं घर दाखव मला. तिच्या आईलाही घेते बरोबर. उद्या आम्ही दोघी बसतो त्या बाकावर. बघू, आमच्याशी कोण बोलत नाही ते!"