डावीकडचं तळं

मी भिंतीकडे तोंड करून बोलतोय, तेव्हा आवाज दबका वाटला तर समजून घ्या. मी एक छापचित्र. माझ्यात सात बदकं, तीन कोंबड्या, एक तळं आणि मागे टेकडी आहे. यातलं एकही पाखरू स्वस्थ बसलेलं नाही. हल्ली मीही नाही.

माझा जन्म मामांच्या शेतातला. त्यांची भाची बांधावर बसून, मेण चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर समोरचं सगळं सुईने कोरत होती.

"अगं, त्या लंगड्या बदकाला तरी धड पाय दे," मामा म्हणाले.

"लबाडी नको मामा. आहे तसंच काढणार."

पत्रा आम्लात बुडाला, रेघा खोल झाल्या, त्यांत शाई भरली आणि ओल्या कागदावर मी उमटलो. पण पत्र्यावरचं कागदावर उलटं उतरतं, उजवं ते डावं होतं. उलटं कोरायचं ती विसरली होती. तिने जीभ चावली, खाली पेन्सिलीने तारीख घातली आणि पत्रा घासून दुसऱ्या चित्राला घेतला. म्हणून मी एकुलता एक.

जमीन कचेरीने मला विकत घेऊन साहेबांच्या खुर्चीमागे टांगलं. नऊ वर्षं लोक माझ्यासमोर ताटकळले. साहेबांनी मान वळवून मला एकदाही पाहिलं नाही.

सोमवारी मामा आले. त्यांच्या जमिनीवर कचेरीने शेरा मारला होता: पडीक, पाणी कधीच नव्हतं. पडीक जमीन मालकाला न विचारता घेता येते. तळं होतं ते कचेरीच्याच ट्रकांनी दोन वर्षांपूर्वी बुजवलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "हे माझं तळं, साहेब. ते लंगडं बदकही माझंच."

साहेबांनी नकाशा माझ्याशेजारी धरला. "आजोबा, चित्रात तळं टेकडीच्या डावीकडे. नकाशात तुमची जमीन उजवीकडे. बदकं वाट चुकली काय?"

कारकून हसले. मामा खाली मान घालून गेले. मग साहेबांनी माझी नऊ वर्षांपूर्वीची तारीख वाचली आणि मला कपाटामागे सरकवलं.

आज त्या शेऱ्यावर शेवटची सुनावणी. मामांबरोबर भाची आली. पर्सचा खटका वाजला. "आरसा आणलाय. चित्र आरशात बघा, तळं आपल्या जागी जाईल."

"ते सफाईला गेलंय, बाई," साहेब म्हणाले.

"सुनावणी पाचला संपते ना? मग आम्ही इथेच बसतो."

आता साडेचार झालेत. तुमच्यापैकी कुणी त्या खोलीत असाल, तर खुर्चीमागच्या भिंतीवर माझ्या मापाचा पांढरा चौकोन दिसेल. तो साहेबांना दाखवा आणि कपाट हलवा. मला फक्त वळवा. तळं मी दाखवतो.