कावीळ झालेलं कोरल

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोनं आणलेल्या वस्तूत खोट काढणारा नवरा बोरिवलीत तरी अजून जन्माला यायचाय. नितेश परुळेकर तर त्यातला नव्हेच नव्हे. तसा बाहेर तो वाघ! घरी खाऱ्या पाण्याचे काचेचे टँक ठेवून समुद्री जीव पाळणाऱ्यांच्या मोबाईल ग्रुपवर कुणी नव्या कोरलचा, म्हणजे जिवंत पोवळ्याचा, फोटो टाकायचा अवकाश, याचा निकाल तयार. ‘रंगवलेलं आहे. फसलात.’ समोरच्याच्या जिवाला काय वाटेल, याची फिकीर नाही.

घरी मात्र त्याची बायको जान्हवी टँकला ‘सवत’ म्हणायची. हॉलमध्ये बादल्या, सोफ्यावर मिठाचे डाग, विजेचं बिल वर. “जेवली का रे सवत तुझी?” एवढंच काय ते बोलणं. आणि लग्नाच्या वाढदिवसाच्या संध्याकाळी हीच बाई अंधेरीच्या एका दुकानातून, मांडीवर पिशवी धरून, रिक्षा सावकाश चालव म्हणून ड्रायव्हरशी भांडत घरी आली.

“बघ, सवतीला दागिना आणलाय,” ती म्हणाली. “मी स्वतः निवडलाय. एकदम झकास ना?”

पिशवीत अळंबीच्या आकाराचं कोरल होतं. पिवळंजर्द. अरे, पिवळं म्हणजे किती? खऱ्या पिवळ्या कोरलचं टोक वेगळं, बूड वेगळं, कुठे फिकं, कुठे गडद असतं. हे आपलं टोकापासून बुडापर्यंत एकसारखं, जिलबीच्या रंगात बुचकळून काढल्यासारखं. वर कहर म्हणजे ज्या दगडावर ते चिकटलं होतं, तो दगडसुद्धा पिवळा! नितेशला एका नजरेत कळलं. ‘रंगवलेलं आहे,’ हे शब्द अगदी जिभेवर आले.

पण तो कोरल टँकमध्ये ठेवत असताना जान्हवी काचेला नाक लावून उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता हिला ‘तुला फसवलं गं’ म्हटलं, तर ही जन्मात टँकपाशी फिरकायची नाही.

“झकास,” तो म्हणाला. “लाखात एक.”

झालं, अडकला. अशा कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि कोरलला पोसतं. रंगानं तो उजेडच अडतो, आणि कोरल उपाशी पडतं. मग नितेशनं चोरून सेवा सुरू केली. आंघोळीच्या निमित्तानं लवकर उठायचं, डब्यातली माशांची पूड पाण्यात कालवायची आणि पिचकारीनं हळूहळू त्याच्या अंगावर सोडायची. पाण्यात उतरलेला पिवळेपणा शोषायला फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी. अशक्त जिवाला एकदम झळ बसू नये म्हणून दिवे जरा मंद. कोरल मान टाकत नव्हतं, एवढं खरं.

इतक्यात मालवणहून त्याची आई आली, कुंदाबाई. चहाचा कप हातात घेऊन टँकसमोर बसली आणि कप तसाच राहिला.

“अरे मेल्या, ह्येका कावीळ झाली हा!”

“आई, तो त्याचा रंग आहे.”

“माका शिकवतंस? तुझ्या बापाशीक झाली तेव्हा असोच पिवळो झाल्लो!”

नितेश हसला, तिथेच चुकला. तो ऑफिसला गेल्यावर कुंदाबाईंनी गावच्या कावीळ उतरवणाऱ्या तात्यांना व्हिडिओ कॉल लावला. तात्या चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुवून कावीळ उतरवायचे. कोरलला हात नाहीत म्हटल्यावर ते जरा अडले, पण मग फोन काचेला लावायला सांगून त्यांनी तिकडूनच मंत्र म्हटला. संध्याकाळी नितेशनं टँकचं पाणी बदललं, तर बादलीतलं पाणी पिवळसर. कुंदाबाईंनी टाळीच वाजवली.

“उतारता हा बघ! तात्यांच्या हाताक गुण हा!”

जान्हवी बादलीत वाकून बघत राहिली. नितेश मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसला.

इथवर निभावलं असतं. पण कावीळ म्हटली की पथ्य आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नितेश पाहतो तर पुडीचा डबा गायब! दोन-तीन दिवस शोध शोध शोधला. दुकानातून नवा आणला, तोही रात्रीतून नाहीसा. इकडे कोरलनं अंग आक्रसून घेतलं आणि बुडाशी ते मऊ पडायला लागलं. शेवटी कचऱ्याच्या पिशवीत डबा सापडला.

“आई, हे तू फेकलंस?”

“मगे? काविळीच्या रोग्याक कोण मासे घालता? उसाचो रस दी त्येका.”

“अगं ते मरेल! उपाशी मरेल ते! कावीळ नाही, रंग आहे तो! दुकानदारानं रंगवलेलं आहे, आल्या दिवसापासून मला ठाऊक आहे!”

बोलून झाल्यावर त्याला स्वयंपाकघराच्या दारात जान्हवी दिसली. हातात लाटणं.

“आल्या दिवसापासून?”

“तुला वाईट वाटलं असतं गं.”

“ग्रुपवर सगळ्या जगाला सांगतोस, आणि मला ‘लाखात एक’? आता कळलं, पहाटेची ती आंघोळ कसली होती. दुकानदारानं मला एकदाच फसवलं रे. तू रोज सकाळी फसवत होतास.”

नितेशला खरोखर लाज वाटली. कुंदाबाई उठून गुपचूप आत गेल्या. जान्हवी टँकपाशी आली आणि लाटणं बाजूला ठेवून त्या मऊ पडलेल्या कोरलसमोर वाकली.

“वाचेल?”

“खायला मिळालं तर. पिवळा रंग उतरेल, आणि मग ते तपकिरी होईल. तोच त्याचा खरा रंग.”

“सरक. दे ती पिचकारी इकडे. आणि आता खरं खरं सांग, किती घालायचं?”

कोरल वाचलं. आता ते छान मातकट तपकिरी झालंय आणि दिव्याखाली अंगावरचे सगळे बारीक तंतू पसरून बसतं. येणारा-जाणारा विचारतो, “हे असलं मळकट काय आणलंत?” जान्हवी ताडकन सांगते, “मळकट नाही, खरं आहे ते. मला रंगवून विकलं होतं, आणि या माणसाला माहीत असून हा गप्प बसला होता.” नितेश पाहुण्यांना पाणी आणायला उठतो. टँकमध्ये हात घालायचा असला तर हल्ली त्याला आधी जान्हवीला विचारावं लागतं, आणि बहुतेक वेळा ती नाही म्हणते.