दिवा पिणारी बाई

तांब्याच्या खाणीत, जुन्या बोगद्याच्या तोंडाशी पाळीचे सगळे कामगार हात जोडून उभे होते. डोक्यावरची हेल्मेटं बगलेत. बोगद्यातली बाधा काढायला बोलावलेल्या बाबांसमोर डोकं झाकायचं नाही, असा हुकूम होता; वरून दगड पडला तर बाबा बघून घेणार होते!

बाबांनी पेटता कंदील दोरीने बोगद्याच्या खोलगट भागात सोडला. तळाशी पोचण्याआधीच तो विझला.

"पाहिलंत? पाताळातली बाई दिवा पिते! उद्या माणूस पिईल!" बाबा गरजले. "डोळे मिटा, जोरात जप करा!"

जप कसला, नुसता कल्लोळ. बऱ्याच वेळाने डोळे उघडले आणि कंदील पुन्हा पेटवून आत सोडला, तर तो तेवत राहिला! लोक गहिवरले. मॅनेजरसाहेबांनी बाबांचे पायच धरले. धरणारच! खाणीत हवा खेळवणारा बंद पडलेला पंखा दुरुस्त करा म्हणणाऱ्यांची तोंडं बाबांच्या काळ्या गंड्याने बंद होत होती.

दुसऱ्याच दिवशी, मनगटावर गंडा मिरवत सर्वांच्या पुढे बोगद्यात गेलेला सुतार धाडकन कोसळला. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढता आला.

बाबा शांतपणे म्हणाले, "गंडा होता, पण मनात शंका होती."

वा रे न्याय! हवा नाही फुप्फुसाला आणि दोष मनाला.

सुताराची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून तिने विचारलं, "अहो, जप चालू असताना काही ऐकू आलं?"

"फुस्स असा आवाज येत होता. बाबा म्हणाले, बाई निघून चालली."

"तिथे ड्रिलसाठी हवेचा नळ आहे ना?"

"आहे की. बाबांचा चेला तिथेच..." तो बोलता बोलता थांबला. "अगं, तो नळाला टेकूनच उभा होता!"

संध्याकाळी खाणीच्या फाटकाशी बाबांचं दर्शन चालू होतं. सुताराची बायको सरळ पुढे गेली. काचेच्या खोल बरणीत तिने खायचा सोडा टाकला, त्यावर व्हिनेगर ओतलं. फेस बसल्यावर तारेला लावलेली पेटती मेणबत्ती आत सोडली. विझली.

"घ्या, तुमची बाई बरणीत आली!"

मग तिने सायकलच्या पंपाने बरणीत भरपूर हवा मारली. मेणबत्ती पुन्हा पेटवून आत सोडली. ती जळत राहिली.

"बोगद्यात लाकडं कुजतात, तिथली हवा खराब होते, जड वायू खाली साचतो. तुम्ही डोळे मिटलेत तेव्हा चेल्याने नळ सोडला. बाबा गेले, नळ बंद झाला, वायू पुन्हा साचला आणि माझा नवरा पडला."

"पाखंडी!" बाबा ओरडले.

"असेन. नळ बंद ठेवून, गंडा बांधून तुम्ही आत बसून दाखवा. आत्ता."

बाबांना एकाएकी मौनव्रत आठवलं. चेला तर चपला सोडून पळाला.

गर्दीतून एक म्हातारा कामगार मॅनेजरसाहेबांना म्हणाला, "पंखा फिरल्याशिवाय आमच्यातला कुणी खाली उतरणार नाही." एकेक करून सगळे त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. साहेबांनी तिथूनच मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

खाणीत माणसं मरतात ती हवेवाचून, छताच्या आधारावाचून आणि हलगर्जीपणामुळे. म्हणून आत शिरण्याआधी हवा तपासा, पंखा चालू आहे का बघा, हेल्मेट घाला. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर ते सताड उघडे ठेवा.